दाढ भरण्याआधी

“कोरडी आहे,” सर म्हणाले. त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला, दाढेतून काढलेली कागदाची काडी चिमट्याने नाकाजवळ नेली, डोळे मिटून एक श्वास घेतला. “छान. आज भरून टाकू.”

खुर्चीत पद्मा चौगुले तोंड उघडं ठेवून पडली होती. सुटलो एकदाचे, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. दाराशी तिचा नवरा भूपाल उभा होता. तो म्हणाला, “लई बरं झालं साहेब. सोमवारी शाळेत हजर व्हायचंय हिला. सहा वर्षांनी ऑर्डर आलीय.”

सरांनी तीच काडी माझ्यासमोर धरली. “काय, बेळेकर?”

मी वाकले आणि मला वास आला. फार उग्र नव्हता. फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो तसा, कुजका. पण होता. सर माझ्याकडे बघत होते. भूपाल बघत होता. पद्माही मान न हलवता डोळे तिरके करून बघत होती.

मी मान हलवली. “ठीक आहे, सर.”

“मग भरा तुम्हीच.”

मी हात धुतले आणि पद्माची दाढ भरली.

ही एकोणीसशे शहाण्णवच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. डिग्री घेऊन बाहेर पडले आणि एप्रिलमध्ये गडहिंग्लजला डॉ. मल्लिकार्जुन शिरगुप्पे यांच्या दवाखान्यात लागले. बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्याला दोन खोल्या, दोन खुर्च्या, आणि उपकरणं उकळायला, पेशंटला धीर द्यायला आक्काताई. त्या तिथे पंधरा वर्षं होत्या. सरांचं वय अठ्ठावन्न. आजरा, चंदगड, पार संकेश्वरकडूनही लोक त्यांच्याकडे यायचे. दाढ काढायची नाही, वाचवायची, हा त्यांचा हट्ट. त्या काळात त्या भागात रूट कॅनाल करणारे फारसे कुणी नव्हतेच.

दाढेच्या मुळात पू झाला की आतली पोकळी साफ करायची, औषध ठेवायचं, वरून तात्पुरतं सिमेंट लावून पेशंटला आठवड्याने बोलवायचं. हे कधी दोनदा, कधी पाचदा. अवघड काम साफ करण्याचं नाही, थांबायचं कधी हे ठरवण्याचं. आत थोडा जरी पू राहिला आणि वरून कायमचं बूच बसलं, तर त्याला बाहेर यायला वाट राहत नाही. मग तो आत वाट शोधतो.

सरांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, “दाताला तीन प्रश्न विचारायचे. ठोकल्यावर दुखतोस का? काडी आत घातली तर कोरडी येते का? आणि काडीला वास आहे का? दुखण्याबद्दल पेशंट खोटं सांगेल, ओल बघताना आपला डोळा चुकेल. वास खोटं बोलत नाही, बेळेकर.”

तेव्हापासून प्रत्येक दाढेच्या वेळी हेच चालायचं. सर काडी हुंगायचे, मग माझ्यापुढे धरायचे आणि विचारायचे. मी म्हणायचे, “थोडा आहे, सर.” ते म्हणायचे, “बरोबर. अजून एक आठवडा.” मी म्हणायचे, “काही नाही.” ते म्हणायचे, “भरू या मग.” सात महिन्यांत माझं उत्तर एकदाही चुकलं नव्हतं. मला त्याचा फार अभिमान होता. घरी पत्रात मी लिहिलंसुद्धा होतं, की सर रोज माझी परीक्षा घेतात आणि मी रोज पास होते.

त्या शुक्रवारी वेगळं झालं ते एवढंच, की सर आधी बोलले आणि मग मला विचारलं. ते छान म्हणाल्यावर, पेशंटच्या देखत, मी नाही कसं म्हणणार? माझ्या नाकापेक्षा त्यांची तीस वर्षं मोठी. मी स्वतःला सांगितलं की हा वास औषधाचा असेल. पद्माला चौथ्यांदा बोलावलं होतं. दोन ठिकाणी ठोकून बघितलं तेव्हा ती म्हणाली होती, अजिबात दुखत नाही. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर होती.

जाताना तिने आक्काताईंच्या हातावर खडीसाखर ठेवली. “नोकरीची,” म्हणाली. “पेढे पहिला पगार झाल्यावर.”

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी जिना चढत होते, तर वरून आक्काताईंचा आवाज आला. “बाई, पळत या! पळत या हो!”

पद्मा बाकावर बसली होती. बसली म्हणजे, गुडघ्यांवर दोन्ही हात रोवून पुढे झुकली होती. भूपालने तिच्या तोंडाखाली टॉवेल धरला होता आणि त्यात लाळ गळत होती. तिला ती गिळता येत नव्हती. मी तिचा चेहरा बघितला. हनुवटी उरलीच नव्हती. जबडा आणि गळा एक झाला होता, कातडी ताणून लालभडक चमकत होती. तोंड बोटभरही उघडत नव्हतं. जेवढं उघडत होतं त्यातून जीभ दिसत होती, वर टाळूला जाऊन टेकलेली.

“काल दुपारी ठणका सुरू झाला,” भूपाल सांगत होता. “आम्हाला वाटलं, भरल्यावर दुखतच असंल. गोळ्या दिल्या. पहाटेपास्नं असं. आडवं झोपवलं की गुदमरती. बोलता येईना तिला.”

सर माझ्या मागोमाग आले. त्यांनी तिच्या जबड्याखाली दोन बोटं ठेवली. नंतर मीही ठेवली. मऊ लागेल असं वाटलं होतं. पाटासारखं टणक होतं.

“खुर्चीत घेऊ या का, सर? उघडून बघू?”

“हात लावू नका,” सर इतक्या जोरात म्हणाले की आक्काताई दचकल्या. “निजवलं तर श्वास जाईल. गाडी आहे?”

“जीप आणलीय गल्लीतल्यांची.”

“बसवून न्यायची. पुढच्या सीटवर, अशीच वाकलेली. कोल्हापूर.”

त्यांनी मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला, दोन ओळींची चिठ्ठी लिहिली, ती खिशात घातली आणि पांढऱ्या कोटातच खाली उतरून जीपमध्ये बसले. पद्माने जाता जाता माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करतेय. घशातून फक्त घरघर आली.

त्या दिवशी मी किती पेशंट बघितले, आठवत नाही. आक्काताई मध्येच म्हणाल्या, “बाई, तुम्ही तीच कापसाची डबी चौथ्यांदा उघडताय.”

सर मंगळवारी दुपारी परतले. दाढी वाढलेली, कोट हातावर.

“गळ्याला भोक पाडून नळी घातली,” ते म्हणाले. “हनुवटीच्या खाली दोन बाजूंनी कापून पू काढला. आणखी एक तास गेला असता तर रस्त्यातच गेली असती.”

“जगेल ना?”

“म्हणतात. दाढ काढून टाकली त्यांनी.” ते खुर्चीवर बसले. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “मला कळत नाही, बेळेकर. ठोकून दुखत नव्हतं. काडी कोरडी होती. वास नव्हता. तुम्हीही बघितलंत.”

तुम्हीही बघितलंत, हे त्यांनी मला दोष द्यायला म्हटलं नव्हतं. ते आधार शोधत होते. आणि मी शुक्रवारपासून जे स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते ते आता डोक्यात फिरायला लागलं. वास होता. मला आला तर त्यांना कसा आला नाही?

मग मागचं एकेक आठवू लागलं. ऑगस्टमध्ये आक्काताईंनी शेगडीवर पाणी उकळायला ठेवलं आणि भांडं कोरडं होऊन रबराची मूठ जळाली, तेव्हा सर शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होते. मी त्या वासाने खालून धावत वर आले होते. जूनमध्ये जिन्यात उंदीर मेला होता. पेशंट नाकाला रुमाल लावून येत होते आणि सर त्यांना विचारत होते, “सर्दी झालीय का?” तेव्हा मी हसले होते. सरांचं कामात किती लक्ष, असं वाटलं होतं.

बुधवारी सकाळी हसूरचे एक आजोबा आले. खालची दाढ आतून पूर्ण सडलेली. मी ती उघडली तशी खोलीभर अशी दुर्गंधी पसरली की आक्काताईंनी “या बया!” म्हणत पदर नाकाला लावला आणि खिडकी उघडली. सर तेव्हा बँकेत गेले होते. मी आत एक काडी घालून बाहेर काढली, ती कापसाच्या दोन बोळ्यांत दाबून वरून पांढरी आणि कोरडी केली आणि झाकणाच्या काचेच्या डबीत ठेवली. आपण सरांना पकडायला सापळा लावतोय असं मला वाटत होतं, आणि तसंच होतं.

बाराला पेशंट संपले. सर हात पुसत होते.

“सर, एक काडी बघता का? सकाळची आहे. भरायचं का पुढच्या वेळी, ते विचारायचं होतं.”

“द्या.”

मी डबी उघडली. आक्काताई दारात होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. सरांनी काडी चिमट्यात धरली, उजेडाकडे नेऊन बघितली, मग नाकाशी नेली. डोळे मिटले. श्वास घेतला.

माझ्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी त्यांच्याकडे पाठ केली आणि बेसिनचा नळ सोडला.

मी पाणी बघत राहिले. मग मागून आवाज आला, “काय वाटतं, बेळेकर?”

“तुम्ही सांगा, सर.”

“इकडे बघा तरी.”

“आधी तुम्ही सांगा.”

त्यांनी आणखी एकदा श्वास ओढल्याचं ऐकू आलं. शेवटी ते म्हणाले, “स्वच्छ आहे. भरायला हरकत नाही.”

“साहेब!” आक्काताई दारातूनच ओरडल्या. “अहो, काय म्हणताय? मेल्या ढोरासारखा वास येतोय त्याला!”

मी वळले. सरांच्या हातात अजून काडी होती, नाकापासून चार बोटांवर. ते आक्काताईंच्या पदराकडे बघत होते, मग माझ्या तोंडाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. ती काडी त्यांनी हळूच ट्रेमध्ये ठेवली, जणू ती फुटेल.

“आक्काताई,” ते म्हणाले, “दार ओढून घ्या आणि तुम्ही पण बसा. तुम्हालाही कळायला पाहिजे.”

मग त्यांनी सांगितलं. मार्चमध्ये, मी येण्याच्या आधी महिनाभर, त्यांना मोठा ताप आला होता. ताप गेला, पण वास गेला तो परत आलाच नाही. भाकरीचा नाही, उदबत्तीचा नाही, लवंगेच्या तेलाचा नाही. घरी दूध करपलं तेव्हा बायकोला कळलं. कोल्हापूरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने सांगितलं, सहा महिने वाट बघा, कधीकधी येतो. ते वाट बघत राहिले.

“आणि काम?” मी विचारलं. “आठ महिने, सर? इतक्या दाढा?”

“तुम्ही होतात ना,” ते म्हणाले.

मला समजलं नाही.

“पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, तुमचं नाक तीक्ष्ण आहे. वास असला की बोलायच्या आधी तुमच्या भुवया जवळ येतात. मी काडी हुंगायचो, ते पेशंटला दाखवायला. खरं बघायचो तुमच्याकडे. तुम्ही आहे म्हणालात की थांबायचो. नाही म्हणालात की भरायचो.”

“मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेताय.”

“घेत नव्हतो.” त्यांनी मान खाली घातली. “शुक्रवारी मी आधी बोललो. ती बाई अशी डोळे लावून बसली होती, तिचा नवरा सोमवार सोमवार करत होता, माझ्या तोंडून निघून गेलं. पण मला वाटलं, काही असलं तर बेळेकर बोलतील. तुम्ही मान हलवलीत तेव्हा मी निर्धास्त झालो.” मग त्यांनी वर बघितलं. “एवढंच समजत नाही, की त्या दिवशी तुम्हालाही वास कसा आला नाही? सर्दी होती का?”

आक्काताई माझ्याकडे बघत होत्या. सर्दी होती, असं म्हणणं किती सोपं होतं. ते तो शब्द माझ्या हातात देत होते.

“आला होता, सर.”

“काय?”

“वास आला होता मला.”

त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटलं. मग ते खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले. “आला होता? मग मान कशी हलवलीत?”

“तुम्ही छान म्हणालात म्हणून.”

मी त्यांच्यावर विसंबून मान हलवली होती आणि ते माझ्या मानेवर विसंबून राहिले होते. मध्ये पद्माची दाढ होती आणि तिच्याकडे आमच्यापैकी कुणीच बघत नव्हतं. सर परत बसले. आक्काताईंनी तोंडावर हात ठेवला आणि नुसत्याच “देवा, देवा,” म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने कोल्हापूरला गेलो. निपाणी येईपर्यंत सर खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “तिथं मी बोलेन. तुम्ही गप्प बसायचं. वास न येता काम केलं मी. तुमचं सगळं आयुष्य पुढं आहे.”

खरं सांगायचं तर, मला हायसं वाटलं होतं.

पद्माला पलंगावर उशा लावून बसवलं होतं. गळ्याच्या खड्ड्यात नळी, तिच्यातून श्वासाचा शीळ घातल्यासारखा आवाज. हनुवटीखाली पट्ट्या. सूज निम्म्यावर आली होती. आम्हाला बघून भूपाल उठला आणि सरांच्या पायाशी वाकला.

“तुम्ही त्या दिवशी गाडीत बसला म्हणून वाचली साहेब. इथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आणली. तुमचे उपकार…”

सरांनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून सरळ केलं. “पाया पडू नका. ऐका आधी. भूपालराव, ही चूक माझी आहे. मला आठ महिने झाले, वास येत नाही. दाढ भरायला तयार आहे की नाही, हे मी वासावर ठरवतो आणि मला वासच येत नाही. हे मी लपवलं. तुमच्या बायकोच्या दाढेत पू होता आणि मी भरा म्हणालो.”

भूपाल हसला. त्याला थट्टा वाटली असावी. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे बदलले.

“म्हंजे?” तो म्हणाला. “म्हंजे, तुम्ही आंधळ्यागत काम करत होता?”

“हो.”

“आठ महिने?” त्याचा आवाज चढला. बाजूच्या पलंगावरचे लोक बघायला लागले. “अहो, माझी आई आली होती उन्हाळ्यात तुमच्याकडं! तिची पण दाढ भरलीय तुम्ही! एवढं लोक…” त्याने सरांच्या शर्टाला हात घातला. सरांनी सोडवून घेतलं नाही. हातसुद्धा वर केला नाही.

मला वाटत होतं, आता कुणीतरी मध्ये पडेल. कुणी पडलं नाही.

“मला वास आला होता,” मी म्हणाले.

भूपालने माझ्याकडे बघितलं. सरांचा शर्ट त्याच्या मुठीत होता.

“मला आला होता. मी सांगितलं नाही. सरांनी मला विचारलं आणि मी ठीक आहे म्हणाले. भरली पण मीच.”

त्याची मूठ सुटली. त्याला राग कुणावर काढावा तेच समजेना. तो आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला आणि मग भिंतीला टेकून खाली बसला.

तेवढ्यात ठक ठक आवाज आला. पद्मा पलंगाच्या लोखंडी कडेवर पेन आपटत होती. बोलता येत नसल्यामुळे तिला एक वही दिली होती. तिने लिहायला सुरुवात केली. नळीतून शीळ, पेनचा आवाज, दुसरं काही नाही. तिने वही भूपालकडे धरली. तो उठेना. मग तिने माझ्याकडे धरली.

शिक्षिकेचं अक्षर, पाटीवर गिरवावं तसं सुटं सुटं. मी मोठ्याने वाचलं, कारण तिने खुणेने तसं सांगितलं.

“मलाही येत होता. सकाळी उठलं की तोंडात घाण चव असायची. ठोकलं तेव्हा थोडं दुखलंही होतं. सांगितलं असतं तर तुम्ही अजून आठवडा थांबवलं असतं आणि माझी नोकरी गेली असती. म्हणून बोलले नाही.”

भूपालने डोकं वर केलं. “पद्मा!” एवढंच तो म्हणाला.

मला लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हणजे एकटी मी नव्हते. तिलाही माहीत होतं. मी सरांकडे बघितलं, त्यांच्याही चेहऱ्यावर तेच दिसलं, निमिषभर.

पद्मा आम्हाला बघत होती. तिने वही परत मागितली. या वेळी फार वेळ लागला नाही. दोनच ओळी होत्या.

“मी पेशंट होते, मला भीती होती. तुम्हाला कसली होती?”

हे मी मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर वही तिच्या हातात परत दिली. परिचारिका आली आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

सरांनी त्यानंतर एकाही दाढेत हात घातला नाही. आल्या आल्या त्यांनी केसपेपर काढले आणि मार्चपासून भरलेल्या प्रत्येक पेशंटला स्वतःच्या हाताने पोस्टकार्ड लिहिलं. एकसष्ट कार्डं. ‘मला वास येत नसताना मी आपली दाढ भरली आहे. ती पुन्हा तपासायची आहे. कृपया यावे.’ मी म्हणाले, एवढं स्पष्ट लिहू नका, नुसतं तपासणी म्हणा. ते म्हणाले, “आता तरी.” तालुक्यात बभ्रा झाला. काहीजण येऊन शिव्या देऊन गेले. एकाने कार्ड फाडून त्यांच्या टेबलावर टाकलं. बरेच आलेच नाहीत, दुसरीकडे गेले. आलेल्यांपैकी नऊ जणांच्या दाढा मला पुन्हा उघडाव्या लागल्या. ज्या दाढांच्या वेळी मी घाईत असेन, किंवा माझंच नाक कमी पडलं असेल, त्या सगळ्या त्यात निघाल्या.

पद्मा महिन्याने घरी आली. गळ्यावर व्रण राहिला. नोकरी गेली नाही. हॉस्पिटलचं सर्टिफिकेट बघून तिला मुदत मिळाली आणि फेब्रुवारीत ती चंदगड तालुक्यात हजर झाली. आमच्या जिन्यावर मात्र ती परत कधी चढली नाही. तिला मी नंतर एकदाच बघितलं, बसस्टँडवर, लांबून. तिने मला बघितलं असेल असं वाटतं.

भूपाल मात्र आला. मार्च उजाडला होता, त्याच्या आईची दाढ तपासायला मिळेल ही आशा मी सोडली होती. हातात ते पोस्टकार्ड, आणि मागे दंडाला धरून चढवलेली आई. तो सरांशी बोलला नाही. सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, हल्ली ते तिथेच बसायचे.

“हिची बघा,” तो मला म्हणाला. “मी हितंच उभा राहणार.”

मी आजींच्या दाढेवर ठोकलं. “नाही दुखत बाई,” त्या म्हणाल्या. “काही नाही मला. हा उगीच घेऊन आलाय.” मी वरचं सिमेंट काढलं, आतलं भरण मऊ करून बाहेर काढलं, त्याला बराच वेळ लागला. मग आत काडी घातली. ती बाहेर आली तेव्हा पांढरी होती, टोकापर्यंत कोरडी. मी मास्क खाली केला आणि ती नाकाशी नेली.

भूपाल माझ्याकडे बघत होता. आजी तोंड उघडं ठेवून बघत होत्या. खिडकीजवळून सरही.

“वास आहे,” मी म्हणाले. “आज भरता येणार नाही. आजी, पुढच्या आठवड्यात परत यावं लागेल.”

“अगं बाई, पण मला दुखत नाही की!”

“तरी यायचं,” भूपाल म्हणाला, आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.